नागपूरचं केळवण

पाटावर बसलेल्या माझ्या नातीच्या कपाळाला समोरच्या घरच्या सुनेनं कुंकू लावलं, ताटात पुरणपोळी वाढली आणि म्हणाली, "खा वं डाक्टरीणबाई! नागपूरच्या मेसमधी असं तूप कोन वाढन तुले?"

नातीनं पोळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिचा नंबर नागपूरला लागला नव्हता. डॉक्टरीच्या कुठल्याच कॉलेजात लागला नव्हता. लागला असं गल्लीत मी सांगून ठेवलं होतं, आणि हे तिला त्या पाटावर बसल्यावर कळलं.

ती जेवली. दुसरी पोळी वाढली तेव्हाही नाही म्हणाली नाही.

आमच्याकडे लग्न ठरलेल्या मुलीला घरोघर केळवणाला बोलावतात. अलीकडे शिकायला बाहेरगावी जाणाऱ्या पोरापोरींनाही बोलावतात. तोच पाट, तीच रांगोळी, फक्त साडीच्या जागी टॉवेल आणि पेन. बारावीचा निकाल लागला की कुणाचा नंबर कुठं लागला, याशिवाय बायकांना दुसरं बोलणं नसतं. मूग तोडतानाही तेच चालतं.

त्या पहिल्या केळवणाच्या चार दिवस आधी समोरच्या घरची म्हातारी, माझ्याच वयाची, पेढ्यांचा डबा घेऊन आली होती. तिच्या नातवाचा डॉक्टरीचा नंबर अकोल्याला लागला होता.

"तुया नातीचं काय झालं वं?"

नातीनं मला आदल्याच दिवशी सांगितलं होतं, "आजी, डाक्टरकीचं जमलं नाई. नर्सिंगले लागला नंबर, यवतमाळले." सांगताना ती रडली नव्हती.

"लागला ना! नागपूरले," मी म्हातारीला म्हणाले. नागपूर अकोल्याहून मोठं, म्हणून नागपूर.

"व माय! अन् अजून पेढा नाई देल्ला?"

संध्याकाळपर्यंत पाच घरांची केळवणं ठरली होती. नातीला वाटलं, नर्सिंगला चालली म्हणूनच बोलावतात.

मी चौथी शिकले. पाचवीला अनसिंगला जावं लागायचं, बापानं पाठवलं नाही. त्या दुःखापायी मी खोटं बोलले, असं कुणी म्हणू नये. मला त्या म्हातारीचा पेढा मान खाली घालून खायचा नव्हता, म्हणून बोलले.

त्या पहिल्या केळवणाहून घरी आल्यावर नात म्हणाली, "आजी, तू बोलली, आता तूच सांग."

"सांगतो वं, सांगतो."

मी सांगितलं नाही. ती दुसऱ्या घरी जेवली, तिसऱ्या घरी जेवली. निघताना दारात थांबून माझ्याकडे पाहायची. मी डाळ निवडत बसायची.

चौथ्या घरी आम्ही दोघी गेलो. बायका जमल्या होत्या. नात पाटावर बसलीच नाही. उभ्यानंच म्हणाली, "काकू, मले नागपूर नाई लागलं. नर्सिंगले चालली मी, यवतमाळले. आजीले मीच खोटं सांगतलं. तिचं काई चुकलं नाई."

समोरच्या घरची म्हातारी म्हणाली, "मंग तीन घरच्या पोळ्या कायले खाल्ल्या वं पोरी?"

बायका हसल्या. माझ्या तोंडात भजं होतं. मी ते चावत राहिले.

आठवड्यानं ती गेली. बस वळली तेव्हा तिनं बापाला हात केला.

अभ्यास करताना ती मला मोठ्यानं वाचून दाखवायची. हृदयाला चार कप्पे असतात, रक्त कुठून येतं न् कुठं जातं, हे मला पाठ आहे. मी मधेच चुकीचं बोलायची, म्हणजे ती चिडून पुन्हा समजावून सांगायची. आता कुणी चिडत नाही. तिचा फोन बापाला येतो. मी जवळ बसते, माझं नाव निघतं का ते ऐकते. "आजी बरी हाये काय?" एवढं विचारते. दिवाळीला येते, पाया पडते, गोळ्या घेतल्या का पाहते. नर्स पेशंटला विचारते तसं विचारते. माझ्या खाटेवर मात्र बसत नाही.

दोन वर्षं मी गप्प राहिले. यंदा मूग तोडायला आम्ही सगळ्या होतो, तेव्हा ओळीत उभी राहून बोलले, "पोरगी खोटं नोती बोलली. नागपूर मी सांगतलं होतं."

कुणी हात थांबवला नाही. समोरची म्हातारी म्हणाली, "जाऊ दे ना वं बुढे. नातीसाठी या वयात कायले खोटं बोलून राह्यली?"

मी गळ्याला हात लावून शपथ घेतली. तिची सून म्हणाली, "आजी असावं तर असं!" आणि सगळ्या शेंगा तोडू लागल्या.

त्या दिवशी मुलाकडून नातीला फोन लावून घेतला. "सांगतलं मी सगळ्याइले," म्हटलं.

ती म्हणाली, "मानलं काय कोनी?"

"नाई."

"जेवली काय तू?"

"जेवली."

"बरं. बाबाले दे फोन."

खोटं मी बोलले. गल्लीत आजही खोटी म्हणतात ते माझ्या नातीला.