आत्या आणि समुद्री चाचा

पेण आणि रोहा यांच्यामध्ये गाडीचा जेमतेम तासाभराचा रस्ता. तरी आत्या लग्न होऊन रोह्याला गेली तेव्हा मला वाटलं, गेली ती विलायतेलाच. मी चौथीत होते. मांडवात जेवणाच्या पंगती उठत होत्या आणि मी खेळाचं मशीन छातीशी धरून मोरीमागे भोकाड पसरून बसले होते. आमच्या गेममधलं शेवटचं जहाज अजून पार व्हायचं होतं, आणि ही बाई खुशाल दुसऱ्याच्या घरी निघाली होती!

मशीन मामाने आणलं होतं. मामा बोटीवर कामाला. तळहातात मावेल एवढं यंत्र, दोन सेल घातले की चालू, आणि सेल काढले तरी खेळ कुठवर आला ते विसरायचं नाही. आतल्या माणसाला पळवायचं, खड्ड्यांवरून उड्या मारायला लावायच्या, दोरांना लोंबकळवायचं. "पिच्चरवरून काढलेला गेम हाय, समुद्री चाच्याचा," एवढं सांगून मामा परत बोटीवर गेला. आता मला चाचा म्हटल्यावर काय कळणार? पेणजवळच्या आमच्या हमरापुरात रोज सकाळी सायकलवरून पाव घेऊन यायचे ते चाचा, तेवढेच मला माहीत. म्हणजे हाही कुणाचा तरी काकाच असणार, समुद्रावर कामाला गेलेला. डोक्याला फडकं का बांधलंय, तर ऊन लागतं म्हणून.

"मग ती माणसं तलवारी घेऊन का येतात गो अंगावर?" मी आत्याला विचारलं.

"रजा न टाकता निघाला असंल. कंपनीची माणसं पाठी लागलीत."

झालं! चाचा घरी निघालाय आणि त्याला सुखरूप पोचवायचं काम आपल्याकडे आहे, हे आमचं ठरून गेलं. वाटेतली सोन्याची नाणी पोरांना खाऊ न्यायला. आणि सगळ्यात शेवटी एक मोठं जहाज होतं, ते त्याला घरी नेणार होतं.

आमचा गणपतीचा कारखाना. अंगाला रंग कुणीही मारील, पण डोळ्यांची आखणी आत्याच्या हातची. डोळा आखताना ती श्वास रोखून धरायची, आणि चाच्याला दरीवरून उडी मारायला लावतानाही तस्साच. मी मात्र मशीनसकट स्वतःच उडायचे. "अगो, तू नको उडू, त्याला उडव!" म्हणत ती हसून हसून बेजार व्हायची. जेवणाच्या सुट्टीत हात न धुताच खेळायला बसायची, त्यामुळे बटणांवर पिवळा रंग बसला तो कायमचा. आई दोघींना एकदमच ओरडायची.

आमच्याकडे सासरी गेलेली पोर आपली आपण उठून माहेरी येत नाही. तिला न्यायला जावं लागतं. गणपतीचा हंगाम जवळ आला की आजोबा धुतलेली टोपी घालून एसटीने रोह्याला जायचे, आत्याच्या घरी ताठ बसून चहा प्यायचे आणि म्हणायचे, "पोरीला न्यायला आलोय." की आत्या आलीच. दिवसभर ती डोळे आखायची, आणि अधूनमधून आम्ही दोघी चाच्याला घेऊन बसायचो. जहाजावर काही तो टिकायचा नाही. धपकन पाण्यात पडायचा, आणि आत्याची जायची वेळ व्हायची. "पुढल्या वर्षी पोचवू त्याला," ती सांगायची.

मग एकदा शाळेत बाईंनी धड्यातल्या शब्दाचा अर्थ सांगितला: चाचे म्हणजे समुद्रावरचे दरोडेखोर. माझ्या पायाखालची जमीनच सरकली. त्या हंगामात आत्या आल्या आल्या मी तिला गाठलं. "आत्या, तो काका नाय गो! दरोडेखोर हाय!"

तिने ब्रश खालीसुद्धा ठेवला नाही. "ठाऊक हाय मला."

"मग सांगितलं का नाय?"

"घरी जायला निघालेल्या माणसाला कोण दरोडेखोर म्हणतं?" असं म्हणून तिने दुसरी मूर्ती पुढ्यात ओढली.

नंतर आजोबा गेले. हंगामात बाबांना मान वर करायला फुरसत नसायची. ते फोनवर सांगायचे, "ये गो, कधीपण ये, घर तुझंच हाय." ती म्हणायची, "येते, येते." आली मात्र नाही. एक हंगाम गेला, दुसरा गेला, बाबांनी आखणीला दुसरा माणूस ठेवला, मग सगळ्यांना सवयच झाली. माझं लग्न होऊन मी पेणजवळच रामवाडीला आले, तिथून मीही फोन करायचे. एकदा तर मी भडकलेच. "पायाला मेंदी लावलीयस का गो? तिकीट काढायचं आणि गाडीत बसायचं, त्यात एवढा कसला तोरा?" ती नुसती "बघते" म्हणाली. लग्नाकार्यात भेट व्हायची, पण तिथे कुठे धड बोलायला मिळतं? खरं सांगते, सासरी आल्यावर आईची आली नाही एवढी मला आत्याची आठवण यायची. माहेरी गेले की कारखान्यात ओळीने मांडलेल्या मूर्ती बघवायच्या नाहीत.

यंदा आईने माळा साफ केला तेव्हा मशीन सापडलं. सेल घातले आणि काय सांगू, चालू झालं! आमचा चाचा अजून त्या जहाजापाशीच उभा. दुसऱ्या दिवशी मी ते पर्समध्ये टाकलं आणि दिवा-रोहा गाडी पकडली.

आत्याचे केस पांढरे झालेत. मशीन बघून आधी ती जोरात हसली, मग चष्मा शोधून आणला आणि पलंगावर मांडी घालून बसली. चाचा पडला, पुन्हा पडला, चहा थंड झाला. मग तिने श्वास रोखला आणि एकेक फळी ओलांडत त्याला जहाजाच्या टोकापर्यंत नेलं. आम्ही दोघी अशा किंचाळलो की शेजारीण डोकावून गेली.

जहाज निघालं. पुढे समुद्र, त्यावर इंग्रजीत नावं सरकत राहिली. ती संपली आणि चाचा पुन्हा पहिल्या किनाऱ्यावर येऊन उभा राहिला.

"आणि घर?" आत्याने विचारलं.

"नाय गो. एवढंच हाय."

तिने चष्मा काढला. "म्हणजे त्याला न्यायला कुणी आलंच नाय."

मी हसणार होते, पण ती हसत नव्हती. तेव्हा कुठे मला कळलं. इतकी वर्षं आम्ही सगळे तिला फोनवरून ये, ये म्हणत होतो, आणि ती दाराकडे डोळे लावून बसली होती.

मी पदर सारखा केला. "आत्या, मी तुला न्यायला आलेय."

"आत्ता?"

"आत्ता. संध्याकाळची गाडी हाय."

तिने मशीन माझ्या हातात दिलं आणि गुडघ्यावर हात टेकून उठली. "थांब मग जरा," ती म्हणाली, "साडी बदलते."