शुभाच्या काचा

“कशी आहेस?” विचारलं की शुभा उलट विचारायची, “सगळ्यात चांगला दिवस सांगू, की सरासरी?”

मुलुंडला आमची दारं समोरासमोर. वय एकच, म्हणून अरे-तुरे. ती कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची आणि संशोधन करायची, मी ऑडिटर. आकडेमोड पडताळायला ती रविवारी माझ्याकडे यायची.

पेरोव्स्काइट नावाच्या स्फटिकी पदार्थाचा पातळ, तपकिरी थर काचेवर चढवून ती उन्हावर वीज देणारे छोटे सौरघट बनवी. वीज झकास देत, पण दमट हवेत थर पिवळा पडून निकामी होई. म्हणून ती मूळ द्रावणातच दुसऱ्या एका रसायनाचा किंचित अंश मिसळून पाहत होती. “वरून झाकून भागत नाही रे. आतल्या फटी आतूनच बुजायला हव्यात.”

तिची आई, आमच्या काकू, मालवणच्या. म्हणायच्या, “आमटीत मीठ घालूक विसारता, नि त्या काचेत काय काय घालीत बसता!”

एकदा एका घटाचे आकडे फारच सुंदर आले. मी म्हटलं, “शोधनिबंधात हाच छाप की.”

“आणि बाकीचे मेले त्यांचं काय? लोक छपरावर हा एकच लावणार आहेत?”

गेल्या वर्षी तिला स्वादुपिंडाचा कर्करोग झाला. शेवटचे घट तेव्हा प्रयोगशाळेत दिव्याखाली, किती टिकतात ते पाहायला ठेवलेले होते. मूळच्या ऐंशी टक्क्यांखाली वीज गेली की घट संपला, असं धरतात. स्वतःचे रिपोर्ट ती विचारेनाशी झाली. विचारायची ते फक्त या घटांबद्दल.

हॉस्पिटलच्या जिन्यात काकूंनी माझा हात धरला. “काय झालां तरी तिका बरांच सांग रे. तेवढ्यावर जगता ती.”

त्याच दुपारी प्रयोगशाळेतून मला फोन आला. मी खोलीत गेलो तेव्हा शुभा जागी होती.

“किती?”

खोटा आकडा माझ्या तोंडातून निघेना. “सरासरी एकाहत्तर.”

तिने मनातल्या मनात हिशेब केला. “म्हणजे मिसळण जास्त झालं. पुढच्या वेळी अर्धं घाला म्हणावं.” मग हळूच म्हणाली, “आईला मात्र सांग, अजून चालू आहेत. तिला वाटतं, ते आहेत तोवर मी आहे.”

आठवड्याभरात ती गेली.

‘अर्धं घाला’ हा तिचा निरोप मी प्रयोगशाळेत पोचवला. तिच्या टेबलावर आता दुसरंच काम चालू आहे.

काकू मात्र अजून दारात थांबवून विचारतात, “शुभाच्यो काचो चालतत ना रे?”

“चालतत, काकू,” मी सांगतो.