खुर्चीला हात लावू नका

ठमीचं कसं होणार, हा भुंगा आईच्या डोक्यातून काही केल्या जाईना. चिंता लग्नाची नव्हती. चोर पोरीच्या तावडीत सापडणार की पोरगी चोराच्या, ही होती.

ठमी म्हणजे घरातलं शेंडेफळ. अंगानं मूठभर, पण नजर अशी की घारीनं तिच्याकडे शिकवणी लावावी. बारावीनंतर मैत्रिणी बँकेच्या परीक्षांमागे लागल्या आणि हिनं कॉलेजात गुन्हेतपास आणि सुरक्षा हा अभ्यासक्रम घेतला.

"अगं, झुरळ दिसलं की पलंगावर चढतेस तू!" आई म्हणाली.

"झुरळाला अटक करता येत नाही ना, म्हणून."

तेव्हापासून बाबा तिला फौजदार म्हणू लागले, आणि पस्तावले. कारण वसतिगृहातून सुट्टीला आली की ठमी घराची झडती घ्यायची. बाबांना डॉक्टरांनी गोड बंद केलेलं. ठमीनं साखरेचा डबा उघडला, आत डोकावली आणि म्हणाली, "आई चमचा कोरडा करून घालते. इथे गुठळ्या झाल्यात. बाबा, ही चोरी नाही, दरोडा आहे."

अशी पोरगी, आणि परवाच्या प्रात्यक्षिकात तोंडघशी पडली. शिकवणारे सर म्हणजे निवृत्त पोलीस अधिकारी. त्यांनी एका वर्गात खोटी घरफोडी मांडली होती. आडवी खुर्ची, सांडलेला चहा, सताड उघडं कपाट. एकेकानं आत जायचं, कशालाही हात न लावता बघायचं आणि काय घडलं ते सांगायचं. ठमी आत गेली. "काय हा पसारा!" म्हणत तिनं खुर्ची उभी केली, फडक्यानं चहा पुसला, कपाट लावलं आणि मग जागीच थिजली. लहानपणापासून आईनं घोकून घेतलेलं 'वस्तू जागच्या जागी ठेव' ऐन वेळी हातात उतरलं होतं.

सर दारातून म्हणाले, "चोराला आता वकील कशाला हवा? ही आहे की!"

वर्ग खो खो हसला.

आज दुपारी ठमीचा फोन आला. घडलेलं सगळं सांगून ती म्हणाली, "आई, मला नाही जमणार हे. उद्या सकाळी नाव काढून घेते. मामाच्या ऑफिसात जागा आहे ना? फायली आवरीन. आवरायला येतं मला."

आईला खरं तर देवच पावला. ना रात्रपाळी, ना गुंडांशी गाठ. "बरं बाळा," ती म्हणाली. पण फोन ठेवल्यावर चैन पडेना. पोरीचा आवाज इस्त्री करून घडी घातल्यासारखा सपाट होता.

संध्याकाळी ती भाजी घेऊन परतली, तर स्वयंपाकघरात खुर्ची फळीखाली ओढलेली. सवयीनं हात पुढे गेला आणि मध्येच थांबला. आईनं दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि वाकली. खुर्चीवर ओल्या मातीचा ठसा. माती कुंडीतली. वर बिस्किटांच्या डब्याचं झाकण तिरकं. ठसा एकाच चपलेचा, म्हणजे दुसरा पाय ओट्यावर!

तेवढ्यात पाण्याची झारी घेऊन बाबा दारात आले. "काय गं, काय हरवलं?"

"तिथेच थांबा! आत पाऊल टाकू नका."

"अगं, ती खुर्ची जरा..."

"खुर्चीला हात लावू नका!"

बाबा झारीसकट थबकले. आईला हसू फुटलं, आणि हसता हसताच ठमी आठवली. जे बघायला तिला एवढं वाकावं लागलं, ते ठमीनं उंबऱ्यातूनच टिपलं असतं. ही नजर फायलींवर घालवायची? हात आवरला नाही, एवढंच तर झालं होतं. पन्नाशीत आपला हात आवरतो, मग विशीत तिचा का नाही आवरणार?

तिनं भाजीची पिशवी खाली ठेवली आणि मोबाइल उचलला.

"कुणाला फोन करतेस?" बाबांनी दचकून विचारलं.

"फौजदारांना. घरात चोरी झालीये. आणि तपास पुरा होईपर्यंत नाव काढायचं नाही, हेही सांगायचंय."