वैजूने परत न घेतलेले तांदूळ

दवाखान्यात दुपारच्या जेवणाचं ताट उचलून नेतात आणि हेमलताबाईंचे डोळे जड होतात. अंडाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन उद्यावर आलंय. गाठी काढल्या की त्याच वेळी पोटात गरम औषध फिरवायचं, अशी नवी पद्धत डॉक्टर अजून तपासून पाहताहेत. त्या अभ्यासात सामील व्हायचं का, ते आज सांगायचंय. धाकट्या बहिणीवर, वैजूवर, ती पद्धत करून झाली होती. वैजू गेल्या वर्षी गेली.

पंख्याची घरघर त्या शिकवतात त्या बालवाडीतल्या गलक्यासारखी होत जाते. खाटेच्या कडेवर वैजू बसलेली असते.

"अक्का, पोरं सोडून इथं काय करतेस?"

"वैजू, खरं सांग. त्या औषधाचा उपयोग झाला का गं?"

"मला काय ठाऊक? मी झोपले होते!" वैजू हसते. "मला तर ते काय असतं, हेही कुणी नीट समजावलं नाही."

शिकवायचं म्हटलं की हेमलताबाईंना राहवत नाही. त्या आता बालवाडीच्या ओसरीत उभ्या आहेत, हातात करपलेलं पातेलं.

"हे बघ. कितीही खरवडलं तरी कोपऱ्यात बारीक कण राहतात. डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून लगेच आत गरम पाणी फिरवायचं. कळलं?"

"कळलं, बाई. आणि तरी राहिलं तर?"

पातेल्याचा तळ काळाच आहे.

"तुझं राहिलं," हेमलताबाई हळूच म्हणतात.

"राहिलं. एक दिवाळी जास्त मिळाली म्हणे. ती मोरीत ओकण्यात गेली."

"म्हणजे माझंही..."

"तुझंही, अक्का."

ओसरीच्या आढ्याला ऑपरेशनचे मोठे दिवे लागतात. वैजूच्या हाती कुंकू लावलेल्या तांदळांचं ताम्हन.

"निघालीस ना? ओटी भरते. पदर कुठाय?"

"दवाखान्याचा झगा आहे गं."

"मग झगा पसर!"

तांदूळ ऊन लागतात, नुकते उन्हातून काढल्यासारखे. देणारीचं घर रिकामं राहू नये म्हणून रीतीप्रमाणे हेमलताबाई चार दाणे ताम्हनात परत टाकायला जातात. वैजू ताम्हन मागे ओढते.

"मला नको. माझं घर कुठंय आता?"

"मग कुणाला देऊ?"

"मागून येईल तिला."

"आई, ऊठ. डॉक्टर आलेत." लेक गौतमी खांदा हलवत असते. "काय सांगू त्यांना?"

"हो सांग."

"म्हणजे गुण येईल, असं वाटतंय तुला?"

"नाही गं."

"मग कशाला?"

"मागून येईल तिच्यासाठी," म्हणत हेमलताबाई मूठ उघडतात. तळहातावर कुंकवाचे चार तांदूळ, अजून कोमट.