सावित्राचा कपॅसिटर

वलवणच्या धरणाकडे जाणाऱ्या रस्त्याला रतन ओव्हाळचं दोन खोल्यांचं घर आहे. पुढच्या खोलीत ती लोकांचे पंखे, पंप आणि क्वचित एखादा जुना रेडिओ दुरुस्त करते. टेबलावर करड्या रंगाची एक जड लोखंडी पेटी असते. कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा डबा, धड आहे की गेलाय हे ही पेटी सांगते. तबकडी फिरवत नेली की बरोबर आकड्यावर काचेतला हिरवा डोळा उघडतो. आता तेच काम तळहाताएवढं मीटर करतं. पण ज्या कारखान्यात रतननं उमेदीची वर्षं काढली, तो बंद पडला तेव्हा भंगारातून तिनं ही पेटी मागून घेतली.

सोबत एक कपॅसिटरही आणला. पत्र्याचा, लोणच्याच्या बरणीएवढा. तो कुणाच्याच कामाचा नाही. एखाद्या दुपारी दार लोटून रतन तो पेटीला जोडते, वीज भरते, मग दोन्ही टोकांना धातूची दांडी लावून पार रिकामा करते आणि समोर बसून राहते. पेटीवरच्या मीटरचा काटा शून्यावर असतो. थोड्या वेळानं, कुणी हात न लावता, तो हळूहळू वर सरकायला लागतो. रिकामा केलेला मोठा कपॅसिटर असाच असतो; आत कुठंतरी मुरलेली वीज परत वर येते. रतनला हे शास्त्र ठाऊक आहे. तरी काटा हलला की ती मनात म्हणते, आली.

गेल्या डिसेंबरात लोणावळ्याच्या एका हॉटेलातली वायरमन बाई जुना रेडिओ घेऊन आली. बत्तीस वर्षांची, खाकी शर्ट, खिशाला टेस्टर.

"मावशी, मालकाला ह्यो वाजता पायजे. सगळे म्हनले, जुनं मशीन तुमच्याकडंच हाय."

"नाव काय लिहू?"

"हर्षदा. बेडशाच्या वरच्या वाडीची. सावित्राबाईची लेक."

रतनच्या हातातली पेन्सिल थांबली. रेडिओ उघडायचं सोडून ती तशीच बसली.

"पानी देऊ का मावशी?" हर्षदानं विचारलं.

"तुझी आई माझ्या शेजारच्या टेबलावर होती," रतन म्हणाली. "ती कशी गेली, काय सांगितलं तुला?"

"मी चार वर्साची व्हते. कारखान्यानं सांगितलं, तोल गेला. वाडीत म्हनले, तिला भुतानं धरलं व्हतं. चांगली धडधाकट बाई स्टुलावरनं अशी पडती व्हय? माज्यासंगं पोरी खेळायच्या न्हाईत. सोयरीक जुळली ती बी त्यापायीच मोडली."

रतननं हे कधीच ऐकलं नव्हतं. अठ्ठावीस वर्षं तिला वाटत होतं, त्या दिवसाचं ओझं तिच्या एकटीवर आहे.

ती उठली, फडताळातून तो कपॅसिटर काढला आणि पेटीला जोडला. हर्षदाच्या डोळ्यांदेखत वीज भरली, रिकामा केला. काटा शून्यावर आला.

"आता बघत राहा."

दोघी बघत राहिल्या. बाहेर धरणाकडे जाणाऱ्या गाड्यांचे हॉर्न वाजत होते. काटा हलला आणि चढू लागला.

"म्हणून याच्या दोन्ही टोकांना तार बांधून ठेवायची असते," रतन म्हणाली. "मी बांधली होती. मग दुसऱ्या कामाला तार कमी पडली, म्हणून काढून घेतली. आम्ही चहाला गेलो. आल्यावर तिनं हा उचलला आणि वरच्या फळीवर ठेवायला स्टुलावर चढली. हात घामेजलेले होते. झटका मोठा नव्हता, पण दचकली. 'अगं' एवढंच म्हणाली. पडली, आणि मागं लोखंडी रॅकचा कोपरा होता. तिसऱ्या दिवशी दवाखान्यातच वारली. साहेबांनी मला विचारलं, तार होती ना? मी होती म्हणाले."

हर्षदानं दांडी उचलली, कपॅसिटर स्वतः रिकामा केला आणि तार पिळून घट्ट बांधली. धंद्यातला हात होता.

"रविवारी वाडीवर या," ती दाराशी जाऊन म्हणाली. "आजीला सांगा. मी सांगितलेलं तिला पटायचं न्हाई."

रविवारी रतन चढून गेली. सावित्राची आई बयाबाई ओट्यावर नाचणी पाखडत होती. रतन जमिनीवर बसली आणि काहीही न लपवता सगळं बोलली. म्हातारीचं सूप मध्येच थांबलं.

"मंग तिला कुनी धरलं नव्हतं?"

"न्हाई आजी. वीज व्हती. आन् चूक माजी व्हती."

बयाबाई बराच वेळ उंबऱ्याकडे बघत राहिली. सावित्राला मूठमाती दिली त्या सांजेला तिनंच तिथं पाच खिळे ठोकून घेतले होते, लेकीनं परत घरात येऊ नये म्हणून.

"हर्षदे, पकड आन," ती म्हणाली.

लाकूड जुनं होतं आणि खिळे गंजून फुगले होते. चार निघाले. पाचवा डोक्यापाशी तुटला, तेव्हा हर्षदानं पटाशीनं भोवतालचं लाकूड कोरलं आणि उरलेला तुकडा उपसून काढला. रतन मदतीला पुढं झाली. हर्षदानं हातानंच तिला थांबवलं.

कुणी रतनला जा म्हणालं नाही आणि बस असंही म्हणालं नाही. उन्हं कलताना ती उठली. पायवाटेनं उतरताना मागून पावलं वाजत आहेत असं तिला वाटत राहिलं. वळून पाहावं असं दोनदा मनात आलं. तिनं पाहिलं नाही, मनात 'आली' म्हणाली आणि फक्त चाल थोडी हळू केली.