तुळजापूरची न झालेली मॅच

निजामाच्या राजवटीत मी उस्मानाबादच्या फुटबॉल टीममध्ये बॅक खेळायचो. आम्ही अनवाणीच खेळायचो. अत्तरवाल्याचा मुलगा आमचा कप्तान. तो माझा जिवलग मित्र, पण मैदानात त्याच्यापुढं बोलायची माझीही टाप नव्हती.

एकदा बॉल अडवायला धावलो आणि गोलच्या खांबावर जाऊन आदळलो. गुडघा असा सुजला की वैद्य, हकीम आणि हाडं बसवणारा पैलवान, तिघांनी मिळून माझं खेळणं बंद केलं.

कप्तानाला माझी दया आली. त्यानं मला मॅनेजर केलं. हैदराबादच्या टीमला मॅनेजर असतो, एवढंच त्यानं ऐकलेलं. तो करतो काय, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. म्हणून बॉलच्या ब्लॅडरला ठिगळ लावणं, लिंबं कापणं आणि बैलगाडी ठरवणं माझ्याकडं आलं. आईनं मात्र गल्लीभर सांगितलं की पोराला नोकरी लागली, आणि एक स्थळही येऊन गेलं.

अशात तुळजापूरच्या पुजाऱ्यांच्या पोरांशी मॅच ठरली. दर्शन घेऊन आलेली माणसं कपाळावरच्या कुंकवासकट मैदानाभोवती बसली होती. तहसीलदारसाहेब आल्याशिवाय खेळ सुरू करायचा नव्हता, आणि साहेबांचा पत्ता नव्हता. लोक चुळबुळायला लागले तसे तिथले एक वयस्क पुजारी माझ्याकडं आले.

"मॅनेजरसाहेब, साहेब येस्तोवर दोन शब्द बोला. माणसं उठायला लागलीत."

मी जन्मात कधी भाषण केलं नव्हतं. भाषण उर्दूतच करायचं असतं अशी माझी समजूत. "मोहतरम हाजिरीन" म्हणालो आणि पुढची उर्दू आटली. पाय लटपटत होते. लोकांना वाटलं, गुडघा दुखतोय. मग मी सरळ मराठीत गुडघ्याचीच हकीकत सुरू केली. वैद्यानं शेकायला सांगितलं, हकीमानं गार पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या, आणि दोघं भांडत असताना पैलवानानं पाय ओढला, हे सांगितलं तसा एक म्हातारा हसून आडवाच झाला. लोक आपल्या बोलण्यावर हसतात याची चव मला त्या दिवशी कळली.

मधेच तहसीलदार आले. मी थांबायला लागलो, तर त्यांनीच हातानं चालू द्या म्हणून खुणावलं. मग मी आईची गोष्ट सांगितली, स्थळाची सांगितली. बोलणं संपलं तेव्हा अंधारून आलं होतं. गोलकीपरला बॉलही दिसला नसता, म्हणून मॅच राहूनच गेली. साहेबांनी मला हार घातला. कार्यक्रम फार छान झाला म्हणाले. मॅचही होती, हे त्यांच्या लक्षातच राहिलं नव्हतं.

परतताना मला गाडीच्या पार मागच्या टोकाला बसवलं. घाट संपल्यावर कप्तान पाठमोराच म्हणाला, "यार, त्या दिवशी खांबाला तुझं तोंड लागायला पाहिजे होतं."

पुढं मला सोनारीच्या जत्रेतून बोलावणं आलं. तामलवाडीच्या कुस्त्यांना बोलावणं आलं, तेव्हा टीम आणू का म्हणून मी विचारलं. पाटील म्हणाले, "टीमची काय गरज न्हाय. तुमी एकलेच या."

हे कळल्यावर कप्तानानं माझ्याशी बोलणंच टाकलं. त्याचा अबोला बरेच महिने टिकला. मग एका सकाळी तो दारात उभा राहिला. त्याचं लग्न ठरलं होतं, आणि सासरच्यांनी माझ्या भाषणाचा हट्ट धरला होता.

"ये," तो म्हणाला, "पण निकाह आधी. तू नंतर."

मी उभा राहिलो तेव्हा लोक गंभीर तोंडं करून बसले होते. तोंडावरच्या फुलांच्या सेहऱ्याआड सगळ्यांत आधी तोच हसला, आणि मला हायसं वाटलं.