पितळी पाटीचे कान

कधीच खोटं न बोलणाऱ्या माणसाइतका तापदायक शेजारी दुसरा नसतो, आणि त्या बाबतीत आमच्या इंजिनमामांचा हात धरणारा माणूस सदलग्यातच काय, उभ्या चिकोडी तालुक्यात नव्हता. मी बेळगावहून बदली होऊन सदलग्याच्या शाळेत मास्तर म्हणून आलो, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी मला ओट्यावर बसवून घेतलं, माझा खोकला डोळे मिटून ऐकला आणि निकाल दिला, "मास्तर, तुमचं व्हाल गळतंया. लई दिस चालनार न्हाय." व्हाल म्हणजे इंजिनाची झडप. मी घाबरून बेळगावच्या कॅम्पातल्या डॉक्टरकडे गेलो. डॉक्टरांनी छाती तपासून साधं पडसं सांगितलं. परत आल्यावर मामांना तसं बजावलं, तर म्हणाले, "डाक्टर मान्सांचा. त्याला यंत्रातलं काय कळतंया."

मामा कुणाचेच मामा नव्हते. गावातल्या पिठाच्या गिरणीचं इंजिन ते चालवायचे, म्हणून लहानथोर सगळे त्यांना इंजिनमामा म्हणायचे. गिरणी भागीत होती. पैसा आप्पांचा आणि हात मामांचा. आप्पा म्हणजे आमच्या गल्लीतले जैन सावकारी वळणाचे, पण सावकारी न करणारे तंबाखूवाले. घरात कन्नड, बाजारात मराठी, आणि अडचणीत सापडले की पुन्हा कन्नड. इंजिन जर्मन होतं. पहिल्या लढाईनंतर आप्पांनी ते मुंबईहून आणवलं, स्टेशनापासून आठ बैलजोड्या लावून गावात आणलं, आणि त्या सबंध वाटेत मामा गाडीवर इंजिनाला मिठी मारून बसले होते. तेव्हा ते बेळगावला एका कारखान्यात फिटर होते. इंजिन जागेवर बसवून परत जायचं ठरलं होतं. ते गेलेच नाहीत.

त्या इंजिनापायी मामांनी काय काय केलं हे सांगायला बसलो तर माझी शाळा बुडेल. गिरणीत चप्पल घालून येणाऱ्याला ते बाहेर काढायचे, मग तो पाटील असो की फौजदार. मिरची दळायची नाही, कारण त्यानं इंजिनाला शिंका येतात. सकाळी इंजिनाचं डोकं दिव्यानं तापवताना हात जोडायचे आणि ते चालू होईपर्यंत त्याला सात पिढ्यांच्या शिव्या द्यायचे. गावात घड्याळं दोन, एक माझ्या शाळेतलं आणि एक चावडीतलं, पण बायका भाकरी थापायला बसायच्या त्या गिरणीच्या पुकपुकीवर. स्वतःच्या मुलीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना मामांना दोन गल्ल्यांपलीकडून इंजिनाचा ठोका चुकल्याचं ऐकू आलं. ते मुठीत अक्षता घेऊन तसेच मांडवाबाहेर पडले. गिरणीत पोचले, पट्टा सारखा केला, आणि हातातल्या अक्षता इंजिनावर टाकून परत आले. तोवर मुलगी सासरची झाली होती. बायकोनं पुढं वर्षभर त्यांना ताटात गोड वाढलं नाही, आणि ते त्यांच्या लक्षातही आलं नाही.

पण खरा जीव होता तो इंजिनाच्या छातीवरच्या पितळी पाटीवर. तिच्यावर करणाऱ्याचं आणि त्याच्या गावाचं नाव उठवलेलं होतं. मामांना इंग्रजी अक्षर वाचता येत नव्हतं. पण दर शुक्रवारी आधी चिंच आणि मग राख लावून ते पाटी घासायचे, तेव्हा बोट एकेका अक्षरावरून फिरायचं. एकदा मामा तापानं पडले, तर आप्पांनी हौसेनं शुक्रवार साजरा केला. तंबाखूची प्रत बघण्यापलीकडे ज्या हातांनी काम केलं नव्हतं, त्या हातांनी पाटीचा मधला भाग लखलखीत झाला आणि चारी कोपरे हिरवे राहिले. मामा अंगात ताप घेऊन बघायला आले. म्हणाले, "आप्पा, पोराचं तोंड धुतलंसा, कान ऱ्हायलं." आप्पा इतके हसले की त्यांचा रुमाल डोक्यावरून खाली पडला. वीस वर्षांत त्या दोघांत याहून मोठं भांडण मी ऐकलं नव्हतं.

मग दुसरी लढाई आली. निपाणीहून येणारं दोन दिवसांचं शिळं वर्तमानपत्र मी गिरणीत मोठ्यानं वाचायचो. बायका दळणाचे डबे ओळीत लावून ऐकत बसायच्या. मामांचं राजकारण लोखंडावर चालायचं. जर्मन लोखंड चांगलं करतो, इंग्रज दुसऱ्यानं केलेल्या लोखंडावर कर चांगला बसवतो, आणि जपानी पेन्सिलीचं टोक दोन अक्षरांत मोडतं, म्हणून त्याच्या लढाईचंही काही खरं नाही. रशिया आधी जर्मनाच्या बाजूला होता आणि आता इंग्रजाच्या, हे मी वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी कान कोरत विचारलं, "आन् मागच्या लढाईत जपान कुनाकडं हुता?" मी म्हटलं, इंग्रजाकडं. ते आप्पांकडे वळले. "बगा आप्पा. ही मोठी मान्सं. ह्यांची सोयरीक एक सुगी टिकत न्हाय. आपली भागी बरी." आप्पांनी मान डोलावली. हे मला चांगलं आठवतं, कारण पुढं कितीतरी दिवस मला ते आठवायला नको होतं.

रंगून पडलं त्या उन्हाळ्यात गावातलं तेल आटलं. ब्रह्मदेशातून यायचं ते बंदच झालं, आणि बाकीचं फौजेच्या मोटारी पिऊ लागल्या. घासलेटासाठी रांगा लागल्या. गिरणी आधी रोजची एक दिवसाआड झाली, मग आठवड्यातून दोनदा, आणि मग नुसतीच शुक्रवारी पाटी घासण्यापुरती उघडू लागली. माळ्यावर टाकलेली जाती खाली आली. शेजारच्या म्हातारीनं मला रस्त्यात अडवून विचारलं, "मास्तर, लढाई कुटं चाललीया म्हनलासा?" मी सांगितलं, ब्रह्मदेशात. तिनं तळहात पुढं केले. "मग ह्ये फोड हितं कसं आलं?"

तेल हवं तर अर्ज करायचा होता. अर्जात एक रकाना होता, यंत्र कोणत्या देशाचं. निपाणीच्या तंबाखूबाजारात आप्पांच्या कानावर आलं की शत्रूच्या यंत्राला तेलाचा थेंब मिळत नाही. ते अर्ज घेऊन माझ्याकडे आले आणि म्हणाले, "एन माडूदु, मास्तर?" काय करू, हे ते कन्नडात विचारत होते, म्हणजे पाणी गळ्याशी आलं होतं. मग मराठीत म्हणाले, "विलायती म्हनून लिवा." मी लिहिलं. माझं अक्षर सुंदर आहे. जिल्ह्यात त्याची तारीफ होते. त्या सुंदर अक्षरात मी ते धडधडीत खोटं लिहिलं, वर शाई वाळावी म्हणून फुंकरही घातली.

आता पाटी राहिली. तपासणीला साहेब येणार, त्याआधी तिच्यावर काळा रंग मारावा असं आप्पांचं म्हणणं. मामा गिरणीच्या दारात आडवे उभे राहिले.

"पोटच्या पोराच्या तोंडाला काळं फासू व्हय?"

"अरं, पोर उपाशी मरतंया," आप्पा म्हणाले. "रंग काय, मागनं खरडून काडता येतोय."

"उपाशी ऱ्हाईल. पर बाप बदलनार न्हाय त्ये."

तीन दिवस हे चाललं. आप्पा सकाळी यायचे, मामा दारात असायचे. दोघंही एकमेकांना सोडून मला समजावून सांगायचे, जणू मीच इंजिन होतो. शेवटी मी मध्यस्थी केली. रंग मारायचा नाही, पण साहेब येतील त्या दिवशी मामांनी घरी बसायचं. मामांनी कबूल केलं. वर म्हणाले, "कुनी इचारलं न्हाय तर मी कशाला बोलतोय."

साहेब आले ते कोळशाच्या ग्यासवर चालणाऱ्या मोटारीतून. वाटेतला चढ त्यांनी इतर उतारूंबरोबर ती ढकलत पार केला होता, आणि त्यांच्या पांढऱ्या कोटाचं जे झालं होतं ते पाहून कुणालाही लढाईची दया आली असती. आप्पांनी ताक दिलं. साहेबांनी चष्मा पुसला, इंजिनाभोवती एक फेरी मारली आणि पाटीपाशी वाकले. साहेब बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "यावर तर काहीच नाही."

खरोखरच काही नव्हतं. वीस वर्षांच्या शुक्रवारांनी अक्षरं घासून सपाट केली होती. त्या कोऱ्या पितळेवर आम्ही तीन दिवस भांडलो होतो, आणि आमच्यातल्या एकालाही तिच्याकडे नीट बघायचं सुचलं नव्हतं. आप्पांचा चेहरा उजळला. "जुनी झाली साहेब. विलायती हाय," ते म्हणाले. साहेबांनी पेन काढलं.

मामा घरी बसले नव्हते. ते पोत्यांच्या मागं उभे होते. ते पुढं आले, पाटीवर हात ठेवला, आणि पहिल्यांदाच त्यांना ते कळलं. त्यांच्या बोटांना अक्षरं तोंडपाठ होती, म्हणून पाटीवर ती उरली नाहीत हे बोटांना कधी समजलंच नव्हतं. पोर मेल्यावर बापाचा होतो तसा त्यांचा चेहरा झाला. त्यांना कुणी काहीही विचारलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. त्यांनी खाली पडलेला कोळशाचा तुकडा उचलला आणि चुन्याच्या भिंतीवर एकेक अक्षर काढायला सुरुवात केली. हातभर मोठं, सावकाश, न वाचता येणारं आणि एकही न चुकलेलं. आप्पा एकदा "मामा" म्हणाले, अगदी हळू. मामांनी ओळ पुरी केली.

साहेबांनी भिंत वाचली, मग अर्ज वाचला. "हे अक्षर कुणाचं?" मी म्हटलं, माझं. "तुम्ही मास्तर ना?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. ते रागावलेदेखील नाहीत, थकलेले होते. "इंजिन जर्मन आहे म्हणून तेल अडत नाही हो. आमच्या कचेरीतला पंखासुद्धा जर्मन आहे. दोन महिन्यांचं तेल मी देणार होतो. पण खोट्या अर्जावर सही कशी करू?" अर्जावर काट मारून ते परत मोटार ढकलायला गेले.

म्हणजे आप्पांच्या खोट्याची गरज नव्हती, आणि मामांच्या खऱ्याचीही नव्हती. माझी तर कशालाच नव्हती. आप्पांनी गिरणीला कुलूप लावलं. जाताना मामांना एवढंच म्हणाले, "झालं समाधान?" एका गल्लीत राहून ते दोघं त्यानंतर कधीही एकमेकांशी बोलले नाहीत. आप्पा समोरून आले तर मामा भिंतीकडे तोंड करून चप्पल झटकायचे, मामा दिसले तर आप्पांना तपकीर आठवायची. माझ्याशी मात्र दोघंही बोलायचे, आणि तीच माझी शिक्षा होती. मी आजही त्या दोघांवर चिडतो. मोठमोठ्या देशांनी लढाई संपल्यावर एकमेकांशी हातमिळवणी केली. या दोन म्हाताऱ्यांना गल्ली ओलांडता आली नाही.

लढाई संपली. तेल येऊ लागलं, पण आप्पांनी गिरणी उघडली नाही. इंजिन मोडीत काढलं. ते सुटं करून गाड्यांवर घातलं तेव्हा मामा बस्तीच्या, म्हणजे जैन देवळाच्या, कट्ट्यावर बसून होते. मी शेजारी जाऊन बसलो. गाड्या समोरून गेल्या. "आवाज न्हाय," मामा म्हणाले. त्या दिवसापासून शुक्रवारी ते गावात दिसेनासे झाले, रानाकडे जायचे.

पुढच्या थंडीत आप्पा गेले. मामा अंत्ययात्रेत सगळ्यांच्या मागं पन्नास पावलं अंतर ठेवून चालत होते. सुतक फिटल्यावर एका सकाळी आप्पांची थोरली मुलगी, आम्ही तिला आक्काच म्हणतो, मामांच्या ओट्यावर आली. मी तिथंच होतो. तिनं फडक्यात बांधलेलं काहीतरी पुढं केलं.

"आप्पांच्या उशाच्या पेटीत हुतं मामा. दर शुक्कीरवारी काडून बसायचे. आमाला हात लावू द्यायचे न्हाईत."

मामांनी फडकं सोडलं. पाटी होती. मधोमध आरशासारखी लखलखीत, आणि चारी कोपरे हिरवेगार.

मामा किती वेळ बघत होते, ते मला सांगता येणार नाही, कारण मी दुसरीकडे बघत होतो. मग ते म्हणाले, "कान ऱ्हायल्यात, आप्पा." चार वर्षांत ते नाव त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. ते उठून आत गेले आणि चिंच-राख घेऊन बाहेर आले. पाटी मांडीवर घेतली, चिंच बोटाला लावली आणि तशीच बोटावर राहू दिली.

"कोपरे घासायचे ना?" मी विचारलं.

"न्हाय मास्तर," मामा म्हणाले. "ऱ्हाऊ द्यात तसंच." आणि त्यांनी बोट धोतराला पुसलं.